उंडी-करंजाच्या तेलाचे बायोडिझेल: घन आम्ल उत्प्रेरक खरोखर उपयोगी पडतील का?

सागरवेळ

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या परिसरात किनाऱ्यालगत उंडीची आणि ओढ्यांच्या काठाने करंजाची झाडे पूर्वीपासून आहेत. उंडीचे तेल एकेकाळी दिव्यांसाठी आणि होड्यांच्या लाकडाला लावण्यासाठी वापरले जाई. आता बहुतेक बिया झाडाखालीच कुजतात. गावातील एका महिला बचत गटाने या बिया गोळा करून तेल काढण्यास सुरुवात केली आहे, आणि त्याचे बायोडिझेल करून शेतीपंप व लहान होड्यांची इंजिने चालवता येतील का, असे त्यांनी आमच्या विभागाला विचारले आहे.

आम्ही मोजला तेव्हा उंडीच्या तेलाचा आम्लांक (तेलातील आम्लाचे प्रमाण सांगणारा आकडा) ४० च्या आसपास आला, म्हणजे मुक्त मेदाम्ले (तेलाच्या रेणूपासून सुटी झालेली आम्ले) साधारण २० टक्के. करंजाचे तेल त्या मानाने बरे आहे, परंतु बिया जुन्या असतील तर तेही ५ टक्क्यांच्या पुढे जाते. अशा तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातल्यास साबणाचा लगदा होतो, हे पुस्तकात असते आणि प्रत्यक्षातही तसेच झाले. म्हणून घन आम्ल उत्प्रेरकांविषयी, म्हणजे द्रवात न विरघळता प्रक्रियेचा वेग वाढवणाऱ्या आम्लधर्मी घन पदार्थांविषयी, वाचू लागलो. गाळून परत वापरता येणारा, भांडे न गंजवणारा, साबण न करणारा उत्प्रेरक गावपातळीवर फार मोलाचा ठरेल असे वाटते. ज्यांनी या विषयात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांचे मत हवे आहे: हे उत्प्रेरक अशा तेलासाठी खरोखर उपयोगी आहेत का, आणि असतील तर नेमक्या कोणत्या टप्प्यावर?

घाणेवाला

उत्प्रेरकाच्या आधी बियांकडे पाहा. २० टक्के आम्ल झाडावर तयार होत नाही, ते ओल्या पोत्यात तयार होते.

मिथिल

घाणेवाला यांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याकडे नंतर येऊ. प्रथम हिशेब मांडतो, कारण पुढची सारी चर्चा त्यावरच उभी राहील.

१०० किलो तेलात २० किलो मुक्त मेदाम्ल आहे, आणि ते सगळे ओलेइक आम्ल आहे असे धरू. ते उदासीन करण्यासाठीच सुमारे २.८ किलो कॉस्टिक सोडा खर्च होईल आणि साडेएकवीस किलो साबण तयार होईल. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. हा साबण एस्टर (म्हणजेच बायोडिझेल) आणि त्याबरोबर तयार होणारे ग्लिसरीन यांना वेगळे होऊ देत नाही, आणि धुताना चांगले एस्टरही पाण्याबरोबर जाते. म्हणूनच अल्कली उत्प्रेरकासाठी मुक्त मेदाम्ले १ टक्क्याच्या आत, म्हणजे आम्लांक २ च्या आत असावा, असा दंडक आहे.

आम्ल उत्प्रेरक या मेदाम्लाचा शत्रू नाही. तो त्याचेच मिथिल एस्टर करतो, म्हणजे जो भाग वाया जात होता तोच इंधन होतो. अडचण दुसरीकडे आहे. आम्लाने मेदाम्लाचे एस्टर लवकर होते, परंतु ट्रायग्लिसराइडचे, म्हणजे तेलाच्या मुख्य घटकाचे, एस्टर फार सावकाश होते. उत्प्रेरकाचे प्रमाण सारखे असता हा वेग अल्कलीच्या सुमारे ४,००० पट कमी असल्याचे सांगितले जाते. त्यामुळे "आम्ल की अल्कली" असा प्रश्न न विचारता, कोणते काम कोणाकडे द्यायचे असा विचारावा, असे माझे मत आहे.

नदीकाठ

मग साध्या सल्फ्युरिक आम्लाने पहिला टप्पा आणि कॉस्टिकने दुसरा, ही पद्धत काय वाईट आहे? खरगपूरच्या आयआयटीमधील संशोधकांनी २००५ मध्ये मोहाच्या तेलावर हेच केले होते. त्या तेलात मुक्त मेदाम्ले १९ टक्के होती, म्हणजे तुमच्या उंडीइतकीच. १ टक्का सल्फ्युरिक आम्ल व मिथेनॉल यांनी दोन वेळा पूर्वप्रक्रिया करून त्यांनी ती १ टक्क्याच्या खाली आणली आणि नंतर नेहमीच्या पद्धतीने बायोडिझेल केले. आम्ल स्वस्त आहे आणि कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. बचत गटापुढे झिर्कोनिया (झिर्कोनियमचे ऑक्साइड) आणि हेटेरोपॉली आम्ले यांसारखे घन आम्ल उत्प्रेरक कशाला ठेवायचे?

प्रयोगवही

@नदीकाठ, तुमच्या उदाहरणाविषयी वाद नाही, तो मार्ग सिद्ध झालेला आहे. परंतु सल्फ्युरिक आम्ल स्वस्त असले तरी ते वापरून झाल्यावर जे करावे लागते ते स्वस्त नाही. १०० किलो तेलाला १ किलो आम्ल घातले, तर ते उदासीन करायला सुमारे ८०० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो आणि जवळपास दीड किलो सोडियम सल्फेट तयार होते. हे मीठ काही ग्लिसरीनमध्ये आणि काही धुण्याच्या पाण्यात जाते. ते ग्लिसरीन कोणी विकत घेत नाही, आणि ते पाणी विहिरीजवळच्या नाल्यात सोडावे असे कोणत्याही जबाबदार माणसाला वाटणार नाही. शिवाय गरम मिथेनॉलातील सल्फ्युरिक आम्ल साध्या लोखंडी टाकीला टिकू देत नाही. काचेचे अस्तर असलेले किंवा महागड्या मिश्रधातूचे भांडे घ्यावे लागते.

घन आम्लाचे आकर्षण एवढ्यासाठीच आहे. आम्लगुण घन पृष्ठभागाशी बांधलेला राहतो, तेल त्यावरून जाते आणि आम्ल मागे राहते. धुण्याचे पाणी नाही, मीठ नाही, भांडे गंजण्याचे भय फारच कमी. निदान कागदावर तरी असे आहे, आणि कागद व प्रत्यक्ष यांतील अंतर किती यावरच येथे चर्चा व्हायला हवी.

पाषाणरोड

या विषयाचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत लोह आणि जस्त यांच्या द्विधातू सायनाइड संयुगांवर काम झाले आणि २००६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. सायनाइड हा शब्द वाचून दचकू नये. तो गट धातूंशी घट्ट बांधलेला असतो. या उत्प्रेरकाचे वैशिष्ट्य असे की त्याचा पृष्ठभाग पाण्याला जवळ करत नाही. एस्टरीकरणात पाणी तयार होतेच, आणि बहुतेक घन आम्लांवर हे पाणी सक्रिय जागा अडवून बसते. या संयुगावर तसे होत नाही, म्हणून मुक्त मेदाम्ले आणि लक्षणीय पाणी असलेल्या तेलातही तो काम करतो, आणि मेदाम्ल व ट्रायग्लिसराइड या दोहोंचे एस्टर एकाच टप्प्यात करतो.

मुंबईत रसायन तंत्रज्ञान संस्थेत सल्फेटेड झिर्कोनियाच्या घराण्यातील घन आम्लांची एक संपूर्ण मालिका विकसित झाली, आणि तिला त्या संस्थेच्या यूडीसीटी या जुन्या नावावरून यूडीकॅट असे नाव दिले गेले. म्हणजे महाराष्ट्रात हा विषय परका नाही. आपल्याच राज्यात घडलेले हे ज्ञान आपल्याच झाडांच्या तेलापर्यंत पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

दुर्बीण

@पाषाणरोड, माहिती योग्य आहे, पण एक गोष्ट राहिली. तो उत्प्रेरक साधारण १७० अंश सेल्सिअसला काम करतो. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते. १७० अंशांवर ते द्रव ठेवायचे तर वातावरणाच्या वीसपट दाब लागतो. दाबपात्र, त्याची तपासणी, प्रशिक्षित चालक हे सर्व आले. कारखान्याला ते शक्य आहे, बचत गटाला नाही.

घन आम्लांवरील शोधनिबंध मी बरेच वाचले आहेत, आणि माझी तक्रार थोडी कडक शब्दांत मांडतो. अनेक निबंधांत तेल म्हणून बाजारातील शुद्ध सोयाबीन तेलात मोजून ओलेइक आम्ल मिसळलेले असते. त्यात चिकट गोंद नाही, राळ नाही, माती नाही, क्षार नाहीत. अशा मिश्रणावर ९८ टक्के रूपांतर मिळते आणि शीर्षकात मात्र "अखाद्य तेल" असते. दुसरे म्हणजे, उत्प्रेरक पाच वेळा वापरला आणि प्रत्येक वेळी रूपांतर ९५ टक्के आले, यावरून तो टिकाऊ ठरत नाही. प्रत्येक वेळी प्रक्रिया समतोलापर्यंत (जिथे ती आणखी पुढे सरकत नाही तिथपर्यंत) नेली असेल तर निम्म्या सक्रिय जागा मेल्या तरी शेवटचा आकडा तोच दिसतो. टिकाऊपणा पाहायचा तर प्रक्रिया अर्धवट असताना वेग मोजावा लागतो.

तिसरी गोष्ट गळतीची. टंगस्टोफॉस्फोरिक आम्लासारखी हेटेरोपॉली आम्ले मिथेनॉलमध्ये चक्क विरघळतात. सिलिकावर नुसती बसवली तर ती हळूहळू द्रवात उतरतात आणि जे काम घन उत्प्रेरकाने केले असे वाटते ते खरे तर विरघळलेल्या आम्लाने केलेले असते. सीझियमचे क्षार करून ही विद्राव्यता बरीच कमी करता येते, पण तपासल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये. तपासणी सोपी आहे: प्रक्रिया अर्धी झाल्यावर मिश्रण गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढा आणि उरलेला द्रव तसाच तापत ठेवा. आम्लांक पुढेही उतरत राहिला तर आम्ल द्रवात आले आहे, हे निश्चित.

ठिणगी

साखरेपासून केलेल्या उत्प्रेरकाविषयी ऐकले होते. त्याबद्दल कोणी लिहील का? आणि सिंधुदुर्गात काजूच्या टरफलांचे ढीग असतात, त्यांचा कोळसा वापरता येईल का?

प्रयोगवही

@ठिणगी, ते काम जपानमधील. तोक्यो तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये ते प्रसिद्ध केले. ग्लुकोज किंवा साखर अर्धवट कोळसा होईपर्यंत हवेविना तापवायची आणि त्या कोळशाला सल्फ्युरिक आम्लाने सल्फोनिक गट (गंधकयुक्त आम्लगट) जोडायचे. पूर्ण कोळसा चालत नाही. अर्धवट कोळशातील लहान सुगंधी (म्हणजे बेंझिनसारख्या वलयांच्या) चकत्यांच्या कडांना हे गट पक्के बसतात. त्यानंतर पेंड, भुसा, नारळाची करवंटी, बांबू अशा असंख्य पदार्थांपासून असे कोळसे करून पाहण्यात आले.

काजूच्या टरफलापासूनही रसायनदृष्ट्या ते शक्य आहे, मात्र आधी त्यातील टरफल-तेल पूर्ण काढावे लागेल. पण एक धोका ठळकपणे सांगायला हवा. सल्फोनिक गट जोडण्यासाठी कोळसा संहत सल्फ्युरिक आम्लात १५० अंशांच्या आसपास तासन्‌तास तापवावा लागतो आणि नंतर आम्लाचा अंश जाईपर्यंत गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. ज्या आम्ल-पाण्यापासून सुटका हवी होती ते उत्प्रेरक करतानाच तयार होते. उत्प्रेरक पुष्कळ वेळा वापरला गेला तरच हा व्यवहार परवडतो. गावात हे करू नये. सुसज्ज प्रयोगशाळेतच करावे.

अणुरेणू

दोन मुद्दे जोडते.

पहिला छिद्रांचा. झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांची ॲल्युमिनोसिलिकेट खनिजे, हे नाव घन आम्ल म्हटले की लगेच पुढे येते, कारण पेट्रोलियम शुद्धीकरणात त्यांनी मोठे काम केले आहे. परंतु झेडएसएम-५ या झिओलाइटच्या वाहिन्या सुमारे अर्ध्या नॅनोमीटरच्या आहेत, आणि ट्रायग्लिसराइडचा तीन लांब शेपट्यांचा रेणू त्यांत शिरू शकत नाही. आतल्या आम्लजागा त्याच्यासाठी नसल्यासारख्याच असतात. म्हणून मोठ्या छिद्रांचे सिलिका, झिर्कोनिया, कोळसा किंवा जाळीदार रेझिन (प्लास्टिकसारखे बहुवारिक) यांकडे वळावे लागते.

दुसरा पाण्याचा. २० टक्के मेदाम्लाचे पूर्ण एस्टर झाले तर १०० किलो तेलामागे सुमारे १.३ किलो पाणी सुटते. आकडा लहान दिसतो, पण सल्फोनिक गटाला मिथेनॉलपेक्षा पाणी अधिक प्रिय असते, आणि समतोलही मागे ओढला जातो. त्यामुळे मिथेनॉल भरपूर घ्यावे लागते. मेदाम्लाच्या एका रेणूमागे वीस रेणू या प्रमाणात धरले तर १०० किलो तेलाला ४५ किलो मिथेनॉल होते, आणि त्यातले खर्च होते जेमतेम सव्वादोन किलो. उरलेले ऊर्ध्वपातन करून कोरडे करून परत वापरले नाही, तर कोणताही उत्प्रेरक परवडणार नाही. माझ्या मते सागरवेळ यांनी उत्प्रेरकाच्या किमतीआधी मिथेनॉलच्या पुनर्प्राप्तीचा खर्च मांडावा.

माळरान

एवढ्या सखोल रसायनचर्चेत मी एक वेगळी आठवण जोडतो, कारण ती विसरली जाऊ नये असे वाटते. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालवली गेली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची (जट्रोफाची) मोठी लागवड सुचवली आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे स्वप्न मांडले. कोरडवाहू, पडीक जमिनीवर भरघोस बी येईल असे सांगितले गेले. झाड जगते हे खरे, पण पाणी आणि खत नसेल तर बी थोडेच येते, फळे एकदम पिकत नाहीत आणि तोडणीला मजुरी फार लागते. अनेक शेतकऱ्यांनी ती झाडे उपटून टाकली. २०१८ च्या धोरणात २०३० साठी ५ टक्के असे उद्दिष्ट ठेवले गेले, त्यावरून पहिल्या अपेक्षा किती खाली आल्या ते दिसते.

तेव्हाही उत्प्रेरकावर उत्तम काम चालू होते. कमी होते ते बी. कृपया हा विचार आधी करावा.

सागरवेळ

@माळरान, तुमची काळजी रास्त आहे. आमच्याकडे नवी लागवड करण्याचा विचार मुळीच नाही. जी झाडे आहेत आणि ज्यांचे बी आज वाया जाते, तेवढ्यावरच हे काम मर्यादित ठेवायचे आहे. राज्याच्या डिझेलची गरज भागवण्याचा दावा कोणी करत नाही. काही पंप आणि काही होड्या चालल्या तरी गटाला हंगामी उत्पन्न मिळेल.

@घाणेवाला, बियांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

घाणेवाला

करंजाची शेंग वाळलेली असते, ती फोडून बी दोन-तीन दिवस चांगले ऊन दाखवून ठेवले तर पावसाळ्यापर्यंत टिकते. उंडीचे तसे नाही. ताज्या गरात तेल हाताला लागत नाही. फळ फोडून गर कित्येक आठवडे वाळवला की तो तपकिरी, चिकट होतो आणि मग तेल सुटते. या काळात हवा दमट असेल तर बुरशी येते आणि आम्ल चढते. कोकणात हा धोका मोठा. जाळीच्या मंचावर, छपराखाली, वारा खेळता ठेवून वाळवलेल्या गराचे तेल आणि जमिनीवर पसरलेल्या गराचे तेल शेजारी ठेवून मोजा, म्हणजे फरक दिसेल. गर वाळल्यावर लगेच गाळावा, आणि तेल पाण्याचा अंश काढून भरलेल्या डब्यात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. उंडीच्या हिरवट तेलात राळ पुष्कळ असते. ती काढल्याशिवाय हे तेल कोणत्याही बारीक छिद्राच्या वस्तूवरून सोडू नका.

मिथिल

घाणेवाला यांचा शेवटचा मुद्दा रसायनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. उंडीच्या राळेत आम्लधर्मी संयुगेही असतात. आम्लांक मोजताना ती सारी मेदाम्लांबरोबरच मोजली जातात. म्हणजे सागरवेळ यांच्या ४० आम्लांकातील काही भाग मेदाम्लांचा नसण्याची शक्यता आहे, आणि तो भाग एस्टरीकरणाने सहज उतरणार नाही. उत्प्रेरक निकामी झाला असे समजण्यापूर्वी राळ काढलेल्या तेलाचा आम्लांक पुन्हा मोजावा. थोडे फॉस्फोरिक आम्ल आणि कोमट पाणी देऊन गोंद व राळ बसवावी, तेल गाळावे, कोरडे करावे आणि मगच पुढे जावे.

दूरदेशी

मी फ्रान्समध्ये रासायनिक उद्योगात काम करते. घन उत्प्रेरकावर चालणारा बायोडिझेलचा मोठा कारखाना येथे सेत या बंदरगावी २००६ मध्ये सुरू झाला. क्षमता वर्षाला १ लाख ६० हजार टन. त्यात जस्त आणि ॲल्युमिनियम यांचे मिश्र ऑक्साइड गोळ्यांच्या रूपात भरलेले दोन स्तंभ एकापुढे एक असतात, पहिल्यानंतर ग्लिसरीन वेगळे काढले जाते, तापमान २०० अंशांच्या आसपास. ग्लिसरीन ९८ टक्क्यांहून शुद्ध मिळते आणि धुण्याचे पाणी लागत नाही. म्हणजे घन उत्प्रेरक केवळ प्रयोगशाळेतील हौस आहे, असे म्हणता येणार नाही.

पण एक सावधगिरी: हा प्रबळ आम्लधर्मी उत्प्रेरक नाही आणि त्याला शुद्ध केलेले, कमी आम्लाचे तेल लागते. तुमच्या उंडीसाठी तो थेट उत्तर होऊ शकत नाही.

नदीकाठ

चर्चा वाचून माझे मत थोडे बदलले आहे, पण पूर्ण नाही. आणखी एक मार्ग सुचवतो, ज्यात आम्लही नको आणि जास्तीचे मिथेनॉलही नको. मुक्त मेदाम्लांची प्रक्रिया ग्लिसरीनशी करावी. २०० अंशांच्या आसपास, तयार होणारे पाणी निर्वातात काढत राहिले, तर मेदाम्लांचे पुन्हा ग्लिसराइड होतात आणि तेल नेहमीच्या अल्कली पद्धतीस योग्य होते. ग्लिसरीन तर आपल्याच प्रक्रियेत हाती येते: १०० किलो तेलामागे सुमारे १० किलो.

अणुरेणू

@नदीकाठ, सूचना चांगली आहे आणि काही कारखाने ती वापरतात. मात्र २०० अंश आणि निर्वात, म्हणजे पुन्हा तशीच यंत्रसामग्री. उंडीचे राळयुक्त तेल या तापमानाला अधिक काळे व घट्ट होईल, अशी मला भीती वाटते. करंजासाठी मात्र करून पाहण्यासारखे आहे.

भट्टी

तांत्रिक चर्चा थोडी थांबवून सुरक्षेविषयी लिहितो, कारण हा धागा वाचून कोणी घरी प्रयोग करील. मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेल्यास दृष्टी आणि जीव दोन्ही जाऊ शकतात, आणि त्याची वाफ व त्वचेशी संपर्कही अपायकारक आहे. ते १२ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, म्हणजे कोकणातील कोणत्याही ऋतूत ते पेटण्यास तयार असते, आणि त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. ते साठवण्यासाठी परवाना लागतो. उघड्या भांड्यात, चुलीवर किंवा गॅसवर हे काम कदापि करू नये. बंद पात्र, उलट शीतक (वाफ थंड करून परत पात्रात आणणारे), ज्वालारोधक विजेची उपकरणे आणि मोकळी हवा हे सर्व नसेल तर गटाने तेल काढण्यापर्यंतच थांबावे आणि पुढचे काम महाविद्यालयाने किंवा परवानाधारक कारखान्याने करावे.

आगबोट

होड्यांच्या इंजिनांविषयी. कच्चे तेल डिझेलच्या कित्येक पट घट्ट असते. ते थेट घातल्यास नोझलवर कोळसा साचतो. अर्धवट झालेले बायोडिझेल त्याहून फसवे असते, कारण ते दिसायला चांगले दिसते. भारतीय मानक आयएस १५६०७ प्रमाणे आम्लांक ०.५० पेक्षा जास्त नसावा, एस्टरचे प्रमाण किमान ९६.५ टक्के असावे, एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्क्यांच्या आत असावे. समुद्रात इंजिन बंद पडणे म्हणजे काय हे मासेमारी करणाऱ्यांना सांगायला नको. प्रथम काठावरच्या पंपावर, थोड्या प्रमाणात मिसळून, दीर्घकाळ चालवून पाहावे आणि होडीचा विचार त्यानंतर करावा.

दुर्बीण

@आगबोट यांनी दिलेला ०.५० हा आकडा मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो. केवळ घन आम्लाने शेवटपर्यंत जायचे ठरवले, तर ४० वरून ०.५० पर्यंत आम्लांक आणावा लागेल, आणि पाण्याच्या समतोलामुळे शेवटचा टप्पा सर्वांत कठीण असतो. पण घन आम्लाने फक्त २ च्या खाली आणून दिले, की पुढचे काम अल्कली एका तासाच्या आसपास, ६० अंशांवर, साध्या दाबात करते आणि उरलेले थोडे मेदाम्लही साबण होऊन निघून जाते. कमी तापमानाच्या, गावाजवळच्या केंद्रासाठी घन आम्लाची जागा पहिल्या टप्प्यात आहे. दोन्ही टप्पे एकत्र करणारे उत्प्रेरक कारखान्यांनी वापरावेत.

सागरवेळ

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेतून माझ्यापुढे एक आराखडा उभा राहत आहे: गर मंचावर वाळवणे, राळ काढणे, तेल कोरडे करणे, मग सल्फोनिक रेझिनच्या स्तंभातून मिथेनॉलसह ६० अंशांवर सोडणे, पाणी व मिथेनॉल काढणे, आणि शेवटी अल्कली टप्पा. अँबरलिस्ट-१५ प्रकारचे रेझिन आमच्या प्रयोगशाळेत आहे. ते किती काळ टिकेल याचा अंदाज कसा बांधावा?

मिथिल

त्या रेझिनमध्ये कोरड्या किलोमागे सुमारे ४.७ सममूल्य (मोल) आम्लजागा असतात, आणि तापमान १२० अंशांच्या खाली ठेवावे लागते. ६० अंशांवर सल्फोनिक गट तुटण्याची चिंता फारशी नाही. खरी चिंता धातूंची आहे. तेलातील सोडियम, कॅल्शियम रेझिनवर बसतात आणि त्यांच्या जागी आम्ल द्रवात सोडतात. हिशेब असा: १०८ ग्रॅम सोडियम किंवा ९४ ग्रॅम कॅल्शियम एक किलो रेझिन पूर्ण निकामी करते. तेलात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर पावणेपाच टन तेलानंतर ते रेझिन संपले. वेग तर त्याच्या कितीतरी आधी घसरेल. सौम्य आम्लाने ते पुन्हा जिवंत करता येते, पण मग आम्ल-पाणी परत येते. म्हणून मुख्य स्तंभाच्या आधी स्वस्त रेझिनचा एक लहान राखणदार स्तंभ ठेवा, आणि तेलातील धातू आधी मोजून घ्या. दुर्बीण यांनी सांगितलेली गरम गाळणीची चाचणीही अवश्य करा.

घाणेवाला

उंडीची पेंड फेकू नका, पण जनावरांनाही घालू नका. कुजवून शेतात घाला. आणि पहिले वर्ष साबण करणाऱ्यांना तेलाचा भाव विचारून ठेवा. तो भाव चांगला मिळाला तर त्या वर्षी गटाने तेलच विकावे, रसायन पुढच्या हंगामात करावे.

सागरवेळ

@घाणेवाला, भाव विचारतो. @मिथिल, धातूंची मोजणी या महिन्यात करून घेतो. मंचावर आणि जमिनीवर वाळवलेल्या गरांच्या तेलाचे आम्लांक, राळ काढण्याआधीचे आणि नंतरचे, याच धाग्यावर देईन. करंजाच्या तेलावर ग्लिसरीनचा मार्ग कोणी प्रत्यक्ष वापरला असेल, तर त्यांनी कृपया निर्वात किती ठेवला होता ते लिहावे.